तिरकस मोजलेला टीव्ही

शोरूमच्या पायऱ्या चढताना कलाबाईंनी डोक्यावरचा पदर सारखा केला आणि मनातल्या मनात आकडा पुन्हा एकदा घोकला. ब्याण्णव. ब्याण्णव इंचांच्या वर काहीही चाललं असतं, खाली काहीही नाही. हा आकडा घरात आणखी कुणालाच ठाऊक नाही अशी त्यांची खात्री होती, आणि म्हणून त्या आज सकाळपासून भलत्याच गोड वागत होत्या. थोरली सून मंदा हिने केलेल्या चहाला त्यांनी चांगला म्हटलं होतं, तेव्हा मंदाने घाबरून साखर तपासली होती.

भिकनची दोन पोरं शाळेत होती, ती सोडली तर टीव्ही घ्यायला सगळं घरच निघालं होतं. सर्वांत पुढे कलाबाईंचे यजमान धुडकूनाना, इस्त्रीचा सदरा घातलेले, खिशात त्यांची जुनी मोजायची फीत. त्यांच्या मागे थोरला मुलगा भिकन आणि त्याची बायको मंदा. त्यांच्या मागे धाकटा चेतन, आणि सातव्या महिन्याचं पोट सांभाळत हळूहळू येणारी त्याची बायको चंचल. डिंडोलीहून रिंगरोडला येताना दोन रिक्षा केल्या होत्या. एका रिक्षात भिकन, मंदा आणि नाना बसले, दुसरीत चेतन, चंचल आणि कलाबाई. कुणी कुणाला सांगितलं नव्हतं, तरी सगळे बरोबर आपापल्या वाटणीप्रमाणे बसले होते. कलाबाईंच्या काळजाला ते लागलं.

वाटणीचं असं झालं होतं. नानांची डिंडोलीत शेजारशेजारची दोन रो-हाऊसं. चेतनच्या लग्नात मधली भिंत पाडून दोन हॉलचा एक लांबलचक हॉल केला. आता तीच भिंत पुन्हा उभी राहायची होती. भिकन लूमच्या, म्हणजे यंत्रमागाच्या, कारखान्यात सुपरवायझर, रात्रपाळी करून सकाळी झोपणारा. आणि चेतन-चंचल त्याच वेळी हॉलमध्ये गोल दिवा लावून फोनसमोर लाईव्ह साड्या विकायचे. "देखो दीदी, पल्लू देखो, ऐसा पल्लू मार्केट में नहीं मिलेगा!" असं चंचल ओरडली की आतल्या खोलीत भिकन उशी कानावर दाबायचा. दोन वर्षं उशी दाबली, मग बोलणं झालं, मग अबोला झाला, मग मिस्त्री ठरला. सोमवारी तो विटा घेऊन येणार होता.

भिंतीचं एक वेळ कलाबाईंनी सोसलं असतं. पण गच्चीत गोधड्या काढताना त्यांनी दोघा भावांचं बोलणं ऐकलं होतं. भिकन म्हणाला, "नाना माझ्याकडे राहतील, माय तुझ्याकडे. चंचलचं बाळंतपण आहे, मायची गरज तिकडे." चेतन म्हणाला, "नानांना विचारलं?" भिकन म्हणाला, "विचारलं. मान हलवली."

मान हलवली! चव्वेचाळीस वर्षांचा संसार, आणि या माणसाने भिंतीच्या पलीकडे जायला नुसती मान हलवली. त्या दिवशी कलाबाईंना भाकर गेली नाही. नवऱ्याशी त्यांचं गुळपीठ होतं अशातला भाग नाही. दोघं दिवसातून दहा वेळा भांडायची. पण भांडायला समोर तेच माणूस लागतं, आणि ते माणूस उद्या विटांच्या पलीकडे बसणार या विचाराने त्यांना रडू येत होतं. नवऱ्याला सरळ विचारावं, तर तो त्यांचा स्वभाव नव्हता. सरळ रस्त्याने कलाबाई आयुष्यात कधी गेल्या नव्हत्या.

आणि तशात घरातला जुना टीव्ही गेला.

टीव्ही गेल्याच्या दुसऱ्या दिवशी, नाना बाजारात गेलेले पाहून कलाबाईंनी त्यांची फीत काढली आणि हॉलची मागची भिंत मोजली. दोन्ही बाजूंना स्वयंपाकघरांची दारं. हॉलच्या बाकीच्या भिंती कामाच्या नव्हत्या, एकीकडे जिना आणि दुसरीकडे शोकेस आणि देव्हारा. मधली भिंत जिथे यायची, तिथपासून दारापर्यंत मोकळी जागा दोन्हीकडे सारखीच, ब्याण्णव इंच. म्हणजे ब्याण्णवपेक्षा रुंद टीव्ही आणला, तर तो कुणा एकाच्या वाट्यात मावणारच नव्हता. त्याला बरोबर मधोमध बसावं लागलं असतं. मग घाला म्हणावं भिंत, टीव्हीच्या पोटातून.

तेव्हापासून त्यांनी एकेकाला गाठलं होतं. चेतनला म्हणाल्या, मोठ्या पडद्यावर तुझ्या साड्या कशा दिसतील रे! भिकनला म्हणाल्या, क्रिकेट बघताना तुझे डोळे बारीक होतात, काळजी वाटते. नानांना काही सांगावंच लागलं नाही. नाना स्वतःच म्हणाले, "लेवाना व्हई तर शंभर इंची. त्यानाखाले माले चालाव नही." कलाबाईंना तेव्हाच नवल वाटायला हवं होतं. आठ वर्षं एकच चपलेचा जोड शिवून वापरणारा माणूस एकदम शंभर इंचांवर कसा गेला? पण आपलं काम आपोआप होतंय म्हटल्यावर त्यांनी नवल वाटून घेतलं नाही.

शोरूममध्ये हेतल नावाची चुणचुणीत पोरगी पुढे आली. तिने सगळ्यांना पाणी दिलं, चंचलला खुर्ची दिली आणि विचारलं, "काका, पहले ये बताइए, दीवार कितनी बड़ी है?"

झालं. 'दीवार' म्हटल्याबरोबर सहाच्या सहा माणसांच्या नजरा फिरल्या. भिकन पंख्याकडे बघू लागला, चेतन फोनकडे. मंदाने पदराला गाठ मारली आणि सोडली. कलाबाईंच्या ओठावर ब्याण्णव आलं होतं, ते त्यांनी पाण्याच्या घोटाबरोबर गिळलं.

"हॉल मोठा शे," नाना शेवटी म्हणाले. "तू दखाड."

हेतलने आधी साधे टीव्ही दाखवले, भिंतीवर ओळीने टांगलेले. भिकन लगेच एकापुढे थांबला. "हाऊ पंचावन इंची बरा शे. असा दोन लेसुत. एक आठे, एक तठे."

"एकसाथ दो?" हेतल खूश झाली. "घर में दो हॉल हैं?"

"नाही, एकच आहे," चंचल खुर्चीतून म्हणाली. "सोमवारपर्यंत."

भिकनचा चेहरा लाल झाला. धाकट्या भावाच्या बायकोशी थेट बोलायची त्यांच्याकडे रीत नाही, त्यामुळे त्याने उत्तर हेतलला दिलं. "बेन, किसी को बोलो, जिसको सवेरे नौ बजे चिल्लाना होता है, उसको अपना अलग हॉल चाहिए ही चाहिए."

चंचलनेही डोक्यावर पदर घेतला आणि हेतललाच सांगितलं, "दीदी, किसी को बोलो, चिल्लाने से ही साडी बिकती है. चुप बैठने से मच्छर भी नहीं आता."

हेतल बिचारी एकदा इकडे, एकदा तिकडे मान वळवत होती. तिला वाटलं, दोन्ही गोष्टी खरंच कुणाला तरी सांगायच्या आहेत. कलाबाईंना हसू आवरेना. पण पंचावन्न इंच म्हणजे संकटच, म्हणून त्या पुढे झाल्या.

"भिकन, बापा, लहानमा मन्हा डोयाले काहीच दिसत नही," त्या म्हणाल्या. हे बोलताना त्यांनी समोरच्या खांबावर लिहिलेली ऑफरची बारीक अक्षरं स्वच्छ वाचली होती. "ते प्रोजेक्शनवालं काय शे ते देखू ना."

"माय म्हनस ते खरं," चेतन म्हणाला. "लेझर प्रोजेक्शन. एकदम थेटरसारखं. चालो ने, अंदर देखीए."

प्रोजेक्शनचा टीव्ही बघायला आत वेगळी अंधारी खोली होती. समोर भिंतभर पडदा आणि त्याच्या पायाशी एक बसकी काळी पेटी. हेतलने सांगितलं की चित्र त्या पेटीतून वर फेकलं जातं, मागे मशीन नाही, छताला काही टांगायला नको. मग तिने दार लावलं आणि दिवा घालवला.

पडद्यावर हत्तींचा कळप आला. कलाबाईंनी आयुष्यात इतका मोठा हत्ती पाहिला नव्हता, आणि त्यात खऱ्या हत्तींचाही समावेश होता. कातडीवरची एकेक सुरकुती दिसत होती. एका हत्तिणीने पिलाच्या अंगावर पाणी उडवलं आणि चंचल खुर्चीत मागे सरकली. "अगं बाई!" कलाबाई मोठ्याने म्हणाल्या, आणि क्षणभर भिंत, मिस्त्री, सगळं त्यांच्या डोक्यातून गेलं.

त्याच अंधारात कुणीतरी त्यांचा दंड धरला. कानाशी मंदाचा आवाज आला.

"आई, मोठाच धरा. सोडू नका."

कलाबाई चपापल्या. भिंतीचं खूळ मंदाच्या डोक्यातून निघालं, असं त्या गेले दोन महिने धरून चालल्या होत्या. तसं त्यांनी अमळनेरला फोन करून बहिणीला सांगितलंही होतं, अगदी शपथेवर.

"तुले काय म्हाईत?" त्या कुजबुजल्या.

"तुम्ही फीत धरून भिंतीला चिकटला होतात. मी जिन्यात उभी होते." मंदा आणखी जवळ सरकली. "भिंत मी मागितली नाही, आई. पोरं झोपली, हे पाळीवर गेले, की त्या घरात मी एकटी कुणाशी बोलू? चंचल ओरडते तरी."

दिवा लागला तेव्हा मंदा चार हात लांब उभी होती आणि चेहरा असा कोरा, की कलाबाईंना आपण स्वप्न पाहिलं की काय असं वाटलं. सूनबाईत एवढं कसब असेल हे त्यांना आज कळलं. त्यांना तिचा अभिमान वाटला, आणि अमळनेरचा फोन आठवून लाजही वाटली.

"कितला शे हाऊ?" नानांनी विचारलं.

"सौ इंच, काका."

नानांनी मान डोलावली आणि खिशातून फीत काढली.

आता नानांबद्दल एक गोष्ट सांगायला हवी. नाना लूमवर दहा वर्षं राबले आणि पुढची तीस वर्षं उधन्याच्या एका कारखान्यात ताके तपासायच्या कामावर होते. कापडाचा ताका आला की त्याचा पन्ना मोजायचा, म्हणजे रुंदी. चव्वेचाळीस सांगितला तर चव्वेचाळीसच भरला पाहिजे. अर्धा इंच कमी भरला तर नाना तो ताका बाजूला फेकत, मग समोर शेठ असो की शेठचा बाप. त्यांच्या हातून एकही ताका पन्न्यात खोटा गेला नाही, ही त्यांची मिळकत होती, आणि ती ते कुणालाही, न विचारता, सांगत.

त्यांनी फीत पडद्याच्या डाव्या कडेला लावली. दुसरं टोक चेतनने धरलं. नाना वाकून वाचू लागले. मग चष्मा पुसून पुन्हा वाचलं. मग सरळ उभे राहिले, आणि आवाज असा निघाला की बाहेर फ्रिज बघणारी माणसं आत डोकावली.

"सत्त्याऐंशी! बाई, तेरा इंच कोठे गया?"

"काका, सौ इंच ही है," हेतल म्हणाली. "स्क्रीन तिरछा नापते हैं. इस कोने से उस कोने तक."

नाना तिच्याकडे बघतच राहिले. "तिरकस?"

"हाँ काका. पूरी दुनिया में ऐसे ही नापते हैं."

"मंग पूरी दुनिया चोर शे!" नाना कडाडले. "चाळीस वरीस कापडमा काढात मी. मन्हापुढे कोन्ही तिरकस फीत धरी नही. तिरकस मोजा तर हातरुमालनं बी धोतर व्हई जाई! पन्ना सांग, पन्ना!"

"नाना, सगळीकडे असंच असतं," चेतन समजावू लागला. "फोनचं पण तसंच."

"फोन बी खोटा!" नानांनी खिशातला फोन काढून हेतलच्या टेबलावर आपटला, जणू तिथेच परत करायचा होता.

कलाबाईंना मात्र दुसराच घाम फुटला होता. सत्त्याऐंशी. ब्याण्णवमध्ये आरामात मावतं, वर पाच इंच उरतात. कसलं शंभर आणि कसलं काय! त्यांचा सगळा डाव त्या तिरकस फितीने उधळला. आणि त्यांनी पाहिलं, भिकनने ते बरोबर टिपलं होतं. तोही शेवटी नानांचाच मुलगा, इंच त्याच्याही डोक्यात पक्के.

"सत्त्याऐंशी म्हनजे मन्हा भागमा बसी जाई," भिकन सावकाश म्हणाला. "बेन, ये पक्का करो."

"तुझ्याच भागात का?" चेतन उसळला. "प्रोजेक्शन बघायला आत मी आणलं!"

"तुला गोल दिवा आहे ना, त्याच्याकडे बघ."

"भाऊ, तोंड सांभाळून!"

"लेवाना नही!" नाना मध्येच गरजले. "ज्या दुकानमा तेरा इंच खातस, तठे मी पाय ठेवाव नही." आणि ते तरातरा खोलीबाहेर गेले. दुकानाबाहेर मात्र गेले नाहीत. वॉशिंग मशिनांच्या पलीकडे मालिश करणारी एक मोठी खुर्ची मांडली होती, तिच्यावर जाऊन पाठ फिरवून बसले.

"आई, तुम्ही जा," मंदा म्हणाली. "मी यांना बघते." आणि ती दोघा भावांच्या मधोमध जाऊन उभी राहिली.

कलाबाई गेल्या. नाना खुर्चीत ताठ बसले होते. कुणीतरी बटण चालू ठेवलं असावं, कारण खुर्ची त्यांना मागून हळूहळू गुद्दे मारत होती आणि रागाच्या भरात त्यांना ते कळतही नव्हतं. त्यांचं डोकं एका लयीत हलत होतं.

"अहो, तेरा इंचसाठे इतला राग?" कलाबाईंनी विचारलं.

"राग तेरा इंचना नही." खुर्चीने दोन गुद्दे मारले. "पाच इंचना शे."

"कोनता पाच इंच?"

"ब्याण्णवमाईन सत्त्याऐंशी गया. कितला ऱ्हायना?"

कलाबाई वॉशिंग मशिनला वळसा घालून त्यांच्या समोर आल्या. "ब्याण्णव तुम्हले कोनी सांगं?"

"कोनी सांगाले कसाले पाहिजे? मी मोजी. जुना टीव्ही गया त्याच दिनले, तू देवळात गयथी तव्हय." नाना त्यांच्याकडे न बघता बोलत होते. "मंग दुसरा दिन फीत देखी तर उलटी गुंडायेल. मन्ही फीत घरमा उलटी कोन गुंडायस ते माले म्हाईत शे. पन तू कसाले मोजी ते समजनं नही. वाटनं, चेतनना भागमा काय बसस ते देखी ऱ्हायनी. तुले तठेच ऱ्हावानं शे ना."

"माले?" कलाबाईंचा आवाज चढला. "मी कव्हय सांगं? मान तर तुम्ही हालावी!"

"मंग काय करू? भिकन म्हने, मायनी गरज चंचलले शे. मी म्हणनू, तुले बी तेच पाहिजे व्हई. नातू यी ऱ्हायना, तुले आते मन्ही काय गरज?" आता त्यांचा आवाज बारीक झाला होता. "बाप मरना तव्हय मी नि मन्हा भाऊ राघोनी भांडीसन भिंत घाली. तो अजून मन्हासंगे बोलत नही. पोरेस्नी ती भिंत गोडीमा मांगी, तर नही कसं म्हनू? पन मी म्हणनू, टीव्हीच असा लेऊ का भिंत घालताच येवाव नही."

म्हणजे शंभर इंचांचा हट्ट यासाठी होता! दोघांनी एकच भिंत, एकाच फितीने, एकमेकांपासून लपून मोजली होती, आणि दोघेही एकाच तिरकस जागी फसले होते. चव्वेचाळीस वर्षांत त्यांचं एका गोष्टीवर इतकं एकमत कधी झालं नव्हतं. कलाबाईंना हसायला आलं आणि डोळेही भरले. त्यांनी पदराने डोळे टिपले आणि मग तोच पदर तोंडावर धरून हसल्या.

"उठा," त्या म्हणाल्या. "ते खुर्ची तुम्हले मारी ऱ्हायनी."

नाना दचकून उठले. खुर्चीकडे त्यांनी असं पाहिलं, जणू तीही याच दुकानाच्या कटात सामील होती.

"आनि ऐका," कलाबाईंनी आवाज खाली आणला. "एकशे वीस इंची बी ऱ्हास म्हने. तो मोजा. पन्नामा."

दोघं अंधाऱ्या खोलीत परत आली तेव्हा भाऊ भाऊ दोन कोपऱ्यांत उभे होते. मधोमध मंदा आणि चंचल एकाच बाकावर बसून हेतलकडून आणलेलं सरबत पीत होत्या. कुणी कुणाची बाजू घेतली होती ते सांगणं कठीण होतं, पण दोन्ही नवरे एकटे पडले होते हे नक्की.

नानांनी कुणाशी काही न बोलता एकशे वीसचा पडदा मागितला. तो शेजारच्याच भिंतीवर होता. फीत लागली. या खेपेला दुसरं टोक कलाबाईंनी धरलं.

"एकशे साडेचार," नानांनी वाचलं, आणि फीत सुलट गुंडाळून खिशात टाकली. "तिरकस मोजानं त्यास्ले मोजू द्या. आपला पन्ना एकशे साडेचार. हाऊच लेवाना."

भिकन पुढे आला. त्याचा हिशोब झाला होता. "नाना, हा कुणाच्याच भागात बसत नाही. हा मधोमध येईल. मग भिंत?"

नाना खिशातली फीत चाचपू लागले. कलाबाईंनी त्यांना कोपराने ढोसलं. चार माणसांत बायकोने नवऱ्याला असं ढोसणं त्या घरात कुणी पाहिलं नव्हतं.

"भिकन, चेतन, दोन्ही ऐका," नाना म्हणाले. "भिंत घालानी का नही, ते तुम्ही देखा. घर तुम्हनं शे. पन मी आनि तुम्हनी माय वाटावसूत नही. जठे ती, तठे मी. तव्हय मी मान हालावी, ती चुकी व्हती. आते तोंडाने सांगस."

भिकनच्या चेहऱ्यावरचा रंग उतरला. तो वाईट मुलगा नव्हता. आपण बापाला एकीकडे आणि आईला दुसरीकडे ठेवतोय हे त्याने सोयीचं म्हणून ठरवलं होतं, त्यात त्या दोघांचं काही तुटत असेल हे त्याच्या डोक्यातच आलं नव्हतं.

"माय, तू कधी बोलली का नाहीस?" चेतनने विचारलं.

"तुम्ही इचारं व्हतं का?"

भिकन आईजवळ येऊन उभा राहिला आणि उगाच तिच्या खांद्यावरची पिशवी आपल्या हातात घेतली. "दोघं माझ्याकडे राहा," तो म्हणाला.

"तुझ्याकडे का? आमच्याकडे बाळ येणार आहे," चेतन म्हणाला.

"आमच्याकडे दोन आहेत, आलेली!"

"पुरे," चंचल म्हणाली, आणि या वेळी तिने हेतलला मध्ये न घेता सरळ थोरल्या दिराला सांगितलं, "भाऊ, सकाळचे लाईव्ह मी दुपारी घेते. दुपारी दीदी लोक रिकाम्याच असतात. हे मला आधी कुणी सांगितलं असतं, तर आधीच केलं असतं. सगळे उशीच दाबत बसले."

भिकन इतका गोंधळला की त्याने तिलाच सरळ उत्तर दिलं. "बरं," तो म्हणाला. मग त्याने सुटकेचा श्वास सोडला आणि आईकडे वळला. "मग आता तर झालं ना, माय? तुम्ही दोघं एकत्रच राहणार. आता टीव्ही लहान घेतला तरी काय बिघडलं?"

"लहान?" कलाबाईंनी डोळे मोठे केले. "आते काबरं लहान?"

"अगं, मग भिंत कुठे घालायची?"

"ते तुम्ही दोन्ही भाऊ सावकाश बसीसन ठरावा. घाई कसानी शे? टीव्ही तर ठरना." आणि त्या हेतलकडे वळल्या. "बेन, ये एकशे वीसवाला कल ही भेजो. मिस्त्री आने से पहले लग जाना चाहिए."

"कौन सा मिस्त्री, बा?" हेतलने पेन थांबवून विचारलं.

भिकन चेतनकडे बघायला लागला, चेतन भिकनकडे.

"कोई नहीं," मंदा म्हणाली. तिने भिकनच्या खिशातून त्याचा फोन काढून घेतला होता आणि ती नंबर शोधत होती. "उसको मैं अभी ना बोल देती हूँ."